मीठपाण्याचा वॉर्ड

डॉक्टर होऊन गटारात उतरलेली पोरगी, अशी रेणुका हिंगमिरेची सोनसांगवीभर ख्याती होती, आणि ती खोटी नव्हती. एमबीबीएस झाली, सर्जरीची सीट मिळाली. त्या सीटसाठी लोकांची पोरं स्वतःला वर्षानुवर्षं खोलीत कोंडून घेतात, केस गळतात, लग्नं मोडतात. हिनं ती सोडून दिली आणि संशोधन संस्थेत गेली. पहिल्याच आठवड्यात ती दवाखान्याच्या मागच्या चेंबरचं झाकण उघडून, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून, बाटलीत सांडपाणी भरत होती, आणि नेमकी तिची चुलत मामी तिथून चालली होती. मग काय विचारता! संध्याकाळपर्यंत सगळ्या पै-पाहुण्यांत बातमी.

आईला ते फार लागलं. सुलोचना सिस्टर उभा जन्म सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. डॉक्टरांच्या हाताखाली राबताना त्यांनी एकच स्वप्न पाहिलं होतं, की आपली पोरगी हुकूम देणाऱ्यांत असावी. रोज जेवणाच्या वेळी त्यांचा फोन यायचा.

"आज किती पेशंट बघितलेस?"

"एकही नाही, आई."

"मग जेवलीस कशाला?"

रेणुका हसून फोन ठेवायची. हसायची खरं, पण ताट अर्धं टाकून उठायची. आपण आपल्या हुशारीचे लाड करतोय आणि तिकडे माणसं कण्हतायत, हा विचार तिला त्या बाटल्यांच्या रांगेसमोर रोज एकदा तरी गाठायचा.

आता ती गटारात काय शोधत होती, ते सांगतो. गोष्ट फार पुढची नाही, तुमची-आमची पोरं कर्ती होतील तेव्हाची. आपण अँटिबायोटिक शेंगदाण्यासारखी खाल्ली. सर्दीला खाल्ली, कोंबड्यांना चारली, मेडिकलवाल्यानं चिठ्ठी न मागता हातावर ठेवली. जंतू शिकत गेले. आपण नाही शिकलो. शेवटी अशी वेळ आली की मधुमेह्याच्या पायाला नखाएवढी जखम झाली तरी ती सडत वर चढायची आणि डॉक्टर लोकांच्या हातात करवत तेवढी उरली होती. पाय काप, नाहीतर माणूस जातो.

पण जंतूंनाही खाणारं कुणीतरी असतंच. त्यांना फाज म्हणतात. हा विषाणूच, पण माणसाच्या वाटेला न जाणारा. तो फक्त आपल्या ठरलेल्या जंतूवर बसतो, त्याच्या पोटात आपला मसाला सोडतो, आणि थोड्याच वेळात तो जंतू फुटून आतून तसलेच शंभरेक फाज बाहेर पडतात. ते पुढच्या जंतूंवर तुटून पडतात. जंतू संपले की हेही उपाशी मरतात. गोळी पोटात गेली की कमी कमी होत जाते. हे औषध जखमेत गेलं की वाढत जातं. आणि हे सापडतं कुठं? जिथं त्याचं खाणं भरपूर आहे तिथं. दवाखान्यातल्या सगळ्यात हट्टी जंतूचा वैरी त्याच दवाखान्याच्या गटारात मुक्कामाला असतो. रेणुकाला तो सापडला होता. काचेच्या बशीत जंतूंचा दाट, पिवळट थर वाढवायचा आणि त्यावर सांडपाण्याचा थेंब टाकायचा. दुसऱ्या दिवशी त्या थरात स्वच्छ गोल भोकं पडलेली दिसायची. पहिल्यांदा ती भोकं दिसली तेव्हा ती बशी छातीशी धरून प्रयोगशाळेत नाचली होती.

पण बशीत जंतू मेला म्हणजे माणूस बरा होतो असं नाही. त्यासाठी चाचणी लागते. सोनसांगवीच्या दवाखान्यात समोरासमोर दोन वॉर्ड ठरले. एकातल्या जखमांवर फाजचं पाणी, दुसऱ्यातल्यांवर नुसतं मीठपाणी. ड्रेसिंग दोन्हीकडे सारखंच. कुठल्या वॉर्डात कोणती बाटली, हे कुणालाच सांगायचं नाही, डॉक्टरलाही नाही. सही करताना पेशंटला स्पष्ट सांगितलेलं असायचं की बाबा, तुझ्या वाट्याला पाणीही येऊ शकतं. लोक सही करायचे. न करून जातात कुठं?

रेणुकानं फक्त नमुने न्यायचे असं ठरलं होतं. पण वॉर्डांचा डॉक्टर बदली होऊन गेला आणि त्या जागी माणूस येईना. संस्थेचे प्रमुख मिरीकर सर म्हणाले, "अगं, तू डॉक्टर आहेस ना? मग तूच कर ड्रेसिंग. दोन्ही वॉर्डांचं."

दोन पदव्या असलेला एकच माणूस मिळाला की आपल्याकडे त्याच्यावर दोन कामं लादतात आणि वर अक्कल लढवली म्हणून खूश होतात. मिरीकरही खूश झाले. आणि रेणुका? तिला तर आईला फोनवर आकडा सांगायची घाई झाली होती.

"आज किती?"

"दोन्ही वॉर्ड, आई. सगळे."

पलीकडे मग सिस्टरांनी नाक ओढलं आणि म्हणाल्या, "जेव पोटभर."

कुठल्या वॉर्डात काय आहे हे गुपित आठवडाभरही टिकलं नाही. पट्टी सोडली की नाकाला कळायचं. पूर्वेच्या वॉर्डात वास दिवसेंदिवस कमी होत गेला. पश्चिमेच्या वॉर्डात तो तसाच राहिला, गोडसर, कुजका, केसांत बसणारा. रेणुकानं कळलं नाही असं दाखवलं. स्वतःलासुद्धा.

पश्चिमेच्या वॉर्डात दाराजवळच्या खाटेवर दस्तगीर मास्तर होते. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. वरातीत उलटं चालत वाजवायची त्यांची खासियत, तोंड नवरदेवाकडे आणि पाठ रस्त्याकडे. तसंच चालताना खिळा घुसला होता.

"बेटी, माझा पाय गेला तर मी बसून वाजवीन," ते म्हणायचे. "पण बसलेल्या बँडवाल्याला वरातीत कोण नेतं? घोड्यावर नवरा आणि हातगाडीवर मी? लोकांना कळायचं नाही लगीन कुणाचं."

सगळा वॉर्ड हसायचा. रेणुका हसत हसत मेलेलं मांस कापायची. मास्तरांना त्या पायाला कळ लागत नव्हती, आणि तीच वाईट खूण होती.

एका गुरुवारी सर्जन आले, त्यांनी मास्तरांचा पाय पाहिला आणि गुडघ्याखाली पेनानं रेघ ओढली. "सोमवारी," एवढंच बोलले आणि गेले. मास्तर त्या रेघेकडे बघत राहिले. त्या दिवशी त्यांनी विनोद केला नाही.

दुपारी रेणुका पूर्वेच्या वॉर्डातलं शेवटचं ड्रेसिंग उरकून निघाली. नियम असा होता की ग्लोव्हज काढायचे, एप्रन बदलायचा, हात धुवायचे आणि मग मधला बोळ ओलांडायचा. ती नळापाशी थांबली. नळाला पाणी होतं, साबण होता. ती थांबली आणि पुढे गेली. मास्तरांची पट्टी तिनं सोडली आणि त्याच ग्लोव्हजची दोन बोटं जखमेत खोल घातली.

"आज लई आत बघायलीस," मास्तर म्हणाले.

"बघू द्या," ती म्हणाली.

नंतर तिनं स्वतःला बजावलं की आपण विसरलो. थकलो होतो, विसरलो. माणूस विसरतो. आणि एकदा विसरलं की दुसऱ्यांदा विसरायला कष्ट पडत नाहीत. तीच ट्रॉली, तोच चिमटा, तोच एप्रन. पुढच्या दिवसांत ती किती वेळा तशीच बोळ ओलांडून गेली, हे तिला आजही सांगता येत नाही.

सोमवारी सर्जननं पट्टी सोडली, तर आत लालभडक, ताजं मांस. दाबलं तर रक्त आलं. मास्तर ओरडले. कळ लागली! सर्जन म्हणाले, "थांबू या." रेघ पुसायची कुणाला आठवण राहिली नाही. ती मास्तरांनीच थुंकी लावून पुसली.

मग पश्चिमेचा वॉर्ड हळूहळू बरा होऊ लागला. आख्खा वॉर्ड.

चाचणी संपली आणि आकडे उघडे झाले. पूर्वेच्या वॉर्डात थोडेच पाय गेले होते. पश्चिमेच्या वॉर्डातही तेवढेच. वरच्या समितीनं निकाल दिला की दोन्ही वॉर्डांत फरक नाही, सबब फाज निरुपयोगी. पाय वाचले ते उत्तम ड्रेसिंगमुळे. त्यांनी रेणुकाचं नाव घेऊन कौतुक केलं, आणि राज्यभर ड्रेसिंगचं प्रशिक्षण देऊन फाजचा कार्यक्रम गुंडाळायची शिफारस केली. बाकीच्या जिल्ह्यांतले दवाखाने याच औषधाच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते. त्यांना कळवण्यात आलं की वाट बघू नका.

दस्तगीर मास्तर पेढे घेऊन आले, स्वतःच्या पायांनी. "बेटी, तुझ्या हाताला गुण आहे," म्हणाले आणि तिच्या हाताला डोळे लावले. रेणुकाला तो हात मागे ओढावासा वाटला. पेढा तिनं तोंडात घातला खरा, पण गिळला नाही. ते गेल्यावर बेसिनमध्ये थुंकला.

त्याच दिवशी तिनं फ्रीजमधले पश्चिमेच्या वॉर्डातले जुने नमुने काढले. जंतूंच्या थरांवर एकेक थेंब टाकला. दुसऱ्या दिवशी बश्या उजेडात धरल्या. भोकं. दुसरी बशी, भोकं. तिसरी, भोकं. मीठपाण्याला भोकं पडत नाहीत. तिनं त्यातल्या फाजचा जनुकांचा नकाशा काढला. तो तिच्याच चेंबरमधला निघाला. गुरुवारच्या आधीच्या नमुन्यांत मात्र एकही भोक नव्हतं.

औषध लागू पडलं होतं. इतकं लागू पडलं होतं की ज्यांना दिलं नाही तेही बरे झाले, आणि म्हणूनच ते निरुपयोगी ठरलं. या वेळी ती नाचली नाही. खुर्चीवर बसली आणि समोरच्या बश्या एकावर एक रचत गेली, लहान पोरं रचतात तशा.

घरी जाऊन तिनं आईला सगळं सांगितलं. सिस्टर भाजी निवडत होत्या. हात थांबले नाहीत.

"माणसं वाचली ना?"

"ही वाचली. बाकी ठिकाणची मरतील. औषध बंद होतंय, आई."

"बाकी ठिकाणची तुझी पेशंट नाहीत."

"मग कुणाची आहेत?"

"ते मला काय विचारतेस? तुला आत्ता कुठं लोक डॉक्टरबाई म्हणायला लागलेत. गप्प बस. आमच्या वेळी काय चुका होत नव्हत्या? सगळ्या पोटात घालून रिटायर झालो आम्ही." मग त्यांनी मान वर केली. त्यांचे डोळे भरलेले होते. "माझ्यासाठी गप्प बस."

आईनं तिच्याकडे जन्मात मागितलेली ही दुसरी गोष्ट. पहिली तिनं दिली नव्हती. दुसरी देणं किती सोपं होतं! नुसतं गप्प बसायचं.

तिसऱ्या दिवशी ती मिरीकरांच्या खोलीत गेली आणि बश्या टेबलावर मांडल्या. मिरीकर हुशार माणूस. त्यांनी पहिली बशी पाहिली आणि दुसरी पाहायची त्यांना गरज पडली नाही.

"कसं गेलं तिकडे?"

"मी नेलं."

"चुकून?"

रेणुकानं नाही म्हणून मान हलवली आणि मास्तरांच्या जखमेत घातलेल्या बोटांचं सांगितलं. मिरीकर उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"मूर्ख मुली! एका सडलेल्या पायातून दुसऱ्या पायात हात? औषधासोबत आणखी काय काय गेलं असतं, विचार केलास? नशिबानं वाचला तो बँडवाला. तू डॉक्टर नीट झाली नाहीस आणि शास्त्रज्ञही नाही. दोन्हीकडची घाण एकत्र केलीस फक्त." ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. आवाज उतरला. "ड्रेसिंग तुझ्या गळ्यात मी घातलं. ते मला कळतंय. ऐक. आपण लिहू की हवेतून गेलं. ट्रॉलीवरून गेलं. अपघात. तुझंही नाव नको, माझंही नको. चाचणी पुन्हा मागू."

"हवेतून गेलं म्हटल्यावर पुन्हा कुणी ही बाटली उघडू देईल, सर? विषाणू आपोआप एका वॉर्डातून दुसऱ्यात हिंडतो, असं पेपरात आलं तर? लोक दवाखान्याला कुलूप लावतील."

मिरीकर वळले नाहीत.

"तो हिंडला नाही," रेणुका म्हणाली. "त्याला नेलं. कुणी नेलं ते लिहावं लागेल."

"लिही मग," ते म्हणाले. "पण एक लक्षात ठेव. चाचणी पुन्हा होणार म्हणजे काय होणार? पुन्हा एक वॉर्डभर माणसांना मीठपाणी लागणार. या वेळी कडक पहाऱ्यात, कुणाचा हात न जाता. त्यातल्या काहींचे पाय जाणार. पहिल्या खेपेला तू नियम पाळला असतास, तर ही दुसरी खेप लागलीच नसती. हे पाय तुझ्या नावावर."

ते खरं होतं. ती बश्या गोळा करून लिहायला गेली.

चौकशी झाली. पेपरात फोटो आले. बऱ्या झालेल्यांपैकी दोघांनी तिच्याविरुद्ध तक्रार केली, आमच्यावर न विचारता प्रयोग केला म्हणून. बरोबरच होतं त्यांचं. दस्तगीर मास्तरांना चौकशीत विचारलं, तर ते एवढंच म्हणाले, "साहेब, पाय माझा आहे आणि तो माझ्याजवळ आहे. मी काय तक्रार करू?"

चौकशी समितीच्या अध्यक्षा करड्या स्वभावाच्या बाई होत्या. त्यांनी रेणुकाची पदवी काढून घेतली नाही. त्यांनी दुसरंच केलं.

"दोन दगडांवर पाय ठेवलात म्हणून हे झालं," त्या म्हणाल्या. "यापुढे प्रयोगशाळेत जायचं तर पेशंटला हात लावायचा नाही. पेशंटला हात लावायचा तर प्रयोगशाळेची पायरी चढायची नाही. आयुष्यभर. कोणतं, ते आत्ता सांगा."

सगळ्यांना वाटलं ती प्रयोगशाळा मागेल. फाज तिचा होता, शोध तिचा होता. पुढं नाव झालं तर तिथंच होणार होतं. रेणुकालाही तेच हवं होतं. तिच्या डोळ्यांपुढे त्या बश्या आल्या, आणि मग आला तो वॉर्ड, अजून न भरलेला, जिथं तिच्यामुळे पुन्हा मीठपाणी लागणार होतं. आपण काचेआड बसून त्या माणसांचे नमुने मोजायचे आणि त्यांच्यापाशी भलत्याच कुणीतरी बसायचं, हे तिला जमणार नव्हतं.

"पेशंट," ती म्हणाली. "आणि दुसऱ्या चाचणीतला वॉर्ड मला द्या. प्रयोगशाळेतलं काही माझ्या अंगाला आता लागणारच नाही. तुम्हाला असाच माणूस हवाय."

हे धाडस होतं की शिक्षा मागून घेणं होतं? मला विचाराल तर थोडं दोन्ही, आणि थोडी पळवाट. ज्याला शिक्षा मिळाली त्याला रात्री झोप बरी लागते. तिला वाटलं, आपल्यालाही लागेल.

आईनं देवापुढं साखर ठेवली. "कसं का होईना, झालीस डॉक्टर," म्हणाल्या. रेणुकानं साखर खाल्ली.

दुसरी चाचणी दोन वेगळ्या गावांत घेतली. रेणुकाला धानोऱ्याच्या दवाखान्यात पाठवलं. इथल्या बाटलीत काय आहे हे तिला कुणी सांगितलं नाही. तिनं रोज पट्ट्या सोडल्या, रोज वास घेतला. आठवडा गेला तरी वास हलला नाही.

त्या वॉर्डात शालन सोनकांबळे होत्या, एसटीच्या कंडक्टर. रजेवर असूनही आवाज ड्यूटीवर. नवा पेशंट आला की खाटेवरूनच ओरडायच्या, "आत सरका, आत सरका, मागं जागा आहे!"

एके दिवशी पट्टी बांधून घेताना त्यांनी विचारलं, "डॉक्टर, खरं सांगा. माझ्या पायावर औषध पडतंय का पाणी?"

"मला सांगितलेलं नाही, शालनताई."

"सांगितलं नाही ते कळलं. तुम्हाला कळत नाही का?"

रेणुका गाठ मारत राहिली.

"मला नाक आहे," शालनताई म्हणाल्या. "बसमध्ये कोण काय पिऊन चढलाय ते मी दारातच ओळखते. पाणीच आहे हे."

"तुम्हाला चाचणीतून बाहेर पडता येतं. सही मागे घेता येते."

"घेतली तर ते औषध मिळेल?"

"नाही. अजून कुणालाच मिळत नाही."

"मग कशाला घेऊ? निदान मोजणीत तरी राहीन." त्या उशीला टेकल्या. "सोनसांगवीला तुम्ही एका बँडवाल्याचा पाय वाचवला म्हणं."

"हो."

"मग माझा का नाही वाचवत?"

रेणुकानं उत्तर शोधलं. लाखो लोक, पुढचे, न पाहिलेले. सगळं खरं होतं आणि त्यातलं एक अक्षरही तिच्या तोंडून निघेना. "मी तेव्हा चुकले, म्हणून आता तुम्हाला हे सोसावं लागतंय," ती म्हणाली. "दुसरं काही नाही."

 "हे तरी बरं केलंत सांगून," शालनताई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं.

पुढच्या पंधरवड्यात त्यांचा पाय गुडघ्याखाली कापला. रेणुका सर्जनच्या शेजारी उभी होती. पाय तिनं दोन्ही हातांनी धरला होता, आणि तुटला तेव्हा त्याचं सगळं वजन तिच्याच हातात आलं. एवढा जड असेल असं तिला वाटलं नव्हतं.

पाऊस संपता संपता निकाल लागला. या वेळी फरक होता, आणि तो कुणालाही वाचता येईल इतका ढळढळीत होता. ज्या गावात फाज दिला तिथं बहुतेक पाय वाचले होते. धानोऱ्यात निम्म्याहून जास्त गेले होते. औषधाला मंजुरी मिळाली, महिनाभरात ते जिल्ह्याजिल्ह्यात पोचणार होतं. शोधनिबंधावर रेणुकाचं नाव नव्हतं. मिरीकरांचा फोन आला. "लागू पडलं गं," एवढंच म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

शालनताई नकली पायाचं माप द्यायला परत वॉर्डात दाखल झाल्या होत्या. रेणुका त्यांच्या खाटेवर बसली आणि तिनं निकाल सांगितला. तो तिच्या तोंडून सगळ्यात आधी ऐकण्याचा हक्क त्यांचाच होता.

"म्हणजे माझ्या पायाचा उपयोग झाला," शालनताई म्हणाल्या.

"झाला. तुम्हा सगळ्यांचे पाय गेले नसते तर कुणी मानलंच नसतं."

"किती लोकांना झाला?"

"मोजता येणार नाहीत इतक्या."

शालनताईंनी मान डोलवली. मग त्यांनी वर पाहिलं. रेणुका रडत होती, आवाज न करता, नाकातून पाणी गळेपर्यंत.

"तुम्ही का रडताय?" शालनताई कडाडल्या. आख्खा वॉर्ड वळून पाहू लागला. "पाय माझा गेलाय. रडायचं असेल तर मी रडीन, मला वाटेल तेव्हा. तुम्ही माझ्या खाटेवर बसून रडायचं नाही. उठा!"

रेणुका उठली.

"तोंड धुऊन या आणि पलीकडची ती म्हातारी मघापासून हाका मारतेय, तिचं बघा आधी."

रेणुकानं तोंड धुतलं आणि ती म्हातारीकडे गेली.